सायकलवरून मिस्त्रीकाम: कुणाला जमेल आणि कसं जमवायचं

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) घ्यायला थांबलो होतो. सायकल दुकानाच्या पायरीला टेकवलेली. ओळखीचा एक प्लंबर तिथेच भेटला आणि सायकलकडे बघत म्हणाला, "तुझं बरंय रे, तुझं सगळं खिशात मावतं. माझा चौदा इंची पाना कोण वाहणार?"

"त्याचं वजन केलंयस कधी?"

नव्हतं केलेलं. शेजारचं दुकान वाइंडिंगच्या तारेचं. ती तार किलोवर विकतात, त्यामुळे काटा असतोच. पाना ठेवला. पावणेदोन किलो भरला. पावणेदोन किलोच्या पान्यासाठी हा गडी शंभरावर किलोची स्कूटर पेठेतल्या गर्दीतून रोज ढकलतो आहे, याचं त्यालाही हसू आलं. पण पुढचा प्रश्न त्याने बरोबर विचारला. "आणि दहा फुटी पाइप?"

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. मी पुण्यात इलेक्ट्रिशियनचं काम करतो, दुरुस्तीचं जास्त आणि नव्या वायरिंगचं कमी. गेली चार वर्षं पाचातली चार कामं सायकलवरून होतात. स्कूटर विकलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आधी एक गैरसमज काढू

लंडन, कोपनहेगनकडचे व्हिडिओ बघून बरेच जण मला विचारतात. तिथे पुढे मोठं खोकं असलेल्या मालवाहू सायकलीवरून प्लंबर, सुतार कामाला जातात, हे खरं आहे. पण त्यांची तुलना व्हॅनशी चालते. लंडनमध्ये २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ हा प्रदूषणाचा नियम सगळ्या शहरभर लागू झाला. त्यात न बसणाऱ्या व्हॅनला दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात, मधल्या भागातला गर्दीचा कर वेगळा. तिथे व्हॅन घरी ठेवली की पहिल्या दिवसापासून पैसे वाचतात.

आपल्याकडे मिस्त्रीजवळ व्हॅन असतेच कुठे? स्कूटर किंवा मोटरसायकल असते, पाठीवर नाहीतर पायांपाशी पिशवी असते, आणि जड माल आला की छोटा हत्ती भाड्याने बोलावतात. म्हणजे आपली तुलना स्कूटरशी आहे, आणि ती बरीच अवघड आहे. स्कूटर स्वस्त पडते, गल्लीबोळात शिरते, कुठेही उभी राहते. तिच्यापुढे सायकल टिकायची तर हिशेब नीट मांडायला हवा.

पहिली पायरी: पंधरा दिवस वही

सायकल घ्यायच्या आधी वही घ्या. रोजच्या प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहायच्या: कुठे गेलो, किती किलोमीटर, पिशवीतलं नेमकं काय वापरलं, आणि काही आणायला परत फिरावं लागलं का.

माझ्या वहीत असं निघालं की बहुतेक कॉल नवी पेठ, सदाशिव पेठ, दत्तवाडी, एरंडवणे या टापूतले. घरापासून चार किलोमीटरच्या आत. उरलेले कोंढवा, बावधन, वारजे असे लांबचे, आणि ते आठवड्यातून दोनतीन. या लांबच्या कामांमुळेच मला वाटत होतं की गाडीशिवाय आपलं चालणार नाही.

आता पैशाचं बघा. पेट्रोल शंभराच्या वर आहे. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर, दिवसाला २० किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० किलोमीटर होतात. साडेअकरा लिटर, म्हणजे साधारण बाराशे रुपये. सर्व्हिसिंग, विमा, पीयूसी धरा, थोडे वाढतील. एवढीच बचत. याउलट सायकलमुळे रोज एक कॉल हुकला आणि त्यात दोनशे रुपयेच मिळणार होते असं धरलं, तरी महिन्याला पाच हजारांचा खड्डा पडतो. पेट्रोल वाचेल म्हणून सायकल घेणाऱ्या मिस्त्रीने हा हिशेब एकदा कागदावर करावा, मग दुकानात जावं.

मग मी का चालवतो? कारण चार किलोमीटरच्या आत माझा एकही कॉल हुकत नाही. पेठेत तीन किलोमीटरला स्कूटरने दहा मिनिटं लागतात, सायकलने पंधरा. ती पाच मिनिटं गाडी लावायला जागा शोधण्यात, समविषम तारखेची पाटी वाचण्यात आणि चालत मागे येण्यात परत मिळतात. लक्ष्मी रोड, बाजीराव रोड, शिवाजी रोड एकेरी आहेत. नियम सायकललाही आहे, पण मी उतरून फुटपाथच्या कडेने शंभर पावलं ढकलत जातो. स्कूटरवाल्याला तेवढ्यासाठी अख्खा वळसा पडतो.

तेव्हा वहीतली चार किलोमीटरच्या आतली कामं मोजा. दहातली सात-आठ असतील तर पुढे वाचा. तीन-चारच असतील तर आधी हद्द आवळावी लागेल. जवळची दोन-तीन किराणा दुकानं, पेपरवाला, सोसायट्यांचे वॉचमन यांना नंबर द्या, लांबच्या कॉलला दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर द्या, तोही त्याच्याकडची जवळची कामं तुम्हाला देईल. याला सहा महिने लागतात. सायकल त्यानंतर.

दुसरी पायरी: आपला धंदा कशात बसतो

गवंड्याला सायकल कधीच जड गेली नाही. थापी, रंधा, ओळंबा, लेव्हलची नळी पिशवीत टाकली की निघाला. सिमेंटची ५० किलोची गोणी, वाळू, विटा साइटवर आधीच पडलेल्या असतात. धारवाल्याचा तर कारखानाच सायकलवर असतो: स्टँडवर उभी केली, पेडल मारलं की सहाण फिरते. गोव्यात पोदेर अजून सायकलला मोठी टोपली बांधून पों-पों वाजवत पाव विकतात.

दुरुस्तीचा इलेक्ट्रिशियन, नळगळतीचा प्लंबर, कुलूप-किल्लीवाला, पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस करणारा, बिजागऱ्या-ड्रॉवर बसवणारा सुतार, शिलाई मशीन दुरुस्त करणारा यांना सहज जमतं. यांचा माल लहान असतो, पैसे कसबाचे मिळतात.

रंगारी अडतो. २० लिटरची रंगाची बादली २५ किलोच्या पुढे जाते, पुट्टीची गोणी ४० किलोची, शिवाय उंच चढायचा घोडा. पण रंगाचं काम एकेका ठिकाणी आठ-आठ दिवस चालतं. माल एकदा टेम्पोने टाकला की रोजची ये-जा सायकलवर होऊ शकते. एसी बसवणाऱ्याला मात्र मी सायकल सुचवणार नाही. इन्व्हर्टरवाल्यालाही नाही, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर असते आणि आत ॲसिड असतं. ती कॅरिअरवर बांधून नेणारे मी बघितलेत. बघून अंगावर काटा येतो.

तिसरी पायरी: हत्यारं आणि माल वेगळा करा

सगळ्या लेखातली खरी पायरी ही आहे.

मुंबईचे डबेवाले आठवा. १८९० च्या सुमारास सुरू झालेलं हे काम. घरोघरचे डबे गोळा करून स्टेशनवर आणायला सायकल, लांबचा पल्ला लोकल ट्रेनला, आणि उतरल्यावर ऑफिसपर्यंत पुन्हा सायकल किंवा हातगाडी. अंधेरीहून चर्चगेटपर्यंत कुणी पेडल मारत नाही. जे ओझं दुसरं कुणी स्वस्तात नेतं ते त्याच्यावर टाकायचं आणि आपण शेवटचा टप्पा धरायचा.

मिस्त्रीने हेच करायचं. हत्यारं आणि रोज लागणारा सुटा माल आपल्याजवळ. लांब पाइप, पंखे, गिझर, वायरची बंडलं दुकानदाराकडून थेट गिऱ्हाइकाच्या दारात. बोहरी आळीतले आणि तपकीर गल्लीतले दुकानदार हातगाडी, रिक्षा, टेम्पो करून माल पाठवतात, ओळख असली की फोनवरही. भाडं बिलात वेगळ्या ओळीत लिहा. "माल पोहोच" असं लिहिलेले दीडशे रुपये लोक बिनबोभाट देतात. तेच मजुरीत मिसळले की घासाघीस सुरू होते.

आता पिशवीकडे. मी माझं स्कूटरवरचं सगळं सामान रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवलं तेव्हा २६ किलो भरलं. इतकं कशाचं, म्हणून घरी येऊन ओतलं. चार एमएमच्या वायरचं अर्धं बंडल, जे दोन वर्षांत एकदा लागलं होतं. दोन हातोड्या. जळालेले रेग्युलेटर, "पार्ट निघतील" म्हणून ठेवलेले. एक अख्खा डबा गंजके स्क्रू. कुठल्यातरी बंगल्याची किल्ली!

वहीत पंधरा दिवसांत एकदाही न आलेलं सगळं घरी ठेवलं. उरलं ते असं: पकड, कटर, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, एक हातोडी, एक छिन्नी, हॅक्सॉ आणि मल्टिमीटर मिळून साडेतीन किलो. ड्रिल आणि बिट अडीच किलो. सुटा माल तीन किलो. एक्स्टेन्शन बोर्ड आणि टॉर्च एक किलो. कुलूप, पंप, जादा ट्यूब दोन किलो. पाणी, रेनकोट, एक शर्ट दोन किलो. एकूण चौदा.

सुटा माल म्हणजे काय हेही वहीच सांगते. माझ्याकडे पंख्याचे अडीच मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर, सहा आणि सोळा अँपिअरची सॉकेटं, चार-पाच स्विच, एक रेग्युलेटर, १६ आणि ३२ चे दोन एमसीबी, एक होल्डर, टेप, भिंतीत स्क्रू धरणारे गिट्टे, आणि दीड एमएमची दहा मीटर वायर असते. नव्वद मीटरचं अडीच एमएमचं अख्खं बंडलही तीन किलोच्या आसपासच असतं, पण ते घ्यायचं त्याच दिवशी घ्या. रोज फिरवायला नको.

शिडी हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. उत्तर सोपं आहे. बहुतेक सोसायट्यांत एक शिडी असते, वॉचमनला ठाऊक असते. वाड्यात शेजारच्यांकडे असते. नाहीच मिळाली तर टेलिस्कोपिक शिडी मिटल्यावर अडीच-तीन फुटांची होते, पण नऊ-दहा किलोची असते. मी ती सांगून ठेवलेल्या कामालाच नेतो.

आणि दहा फुटी पाइप? सायकलला बांधून नेऊ नका. मागे फडकं लावा, पुढून दोरी आवळा, काहीही करा, वळताना मागचं टोक कुणाच्या तरी तोंडावर जातं. केसिंग पट्टी (भिंतीवरची वायर झाकायची) किंवा पाइप दुकानातच मापाने कापून घेता आला तर घ्या. सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपला जोड चालतो तिथे पाच-पाच फुटांचे दोन तुकडे कपलरने जोडता येतात. सलग पाइपच हवा असेल तर तो पुन्हा टेम्पोच्या खात्यात गेला.

चौथी पायरी: निघायच्या आधी फोनवर निदान

स्कूटर असते तेव्हा माणूस "बघतो येऊन" म्हणतो. सायकलवाल्याला ही चैन परवडत नाही, आणि त्यामुळे मी फोनवर प्रश्न विचारायला शिकलो. मला वाटतं माझा धंदा सुधारला तो यामुळे.

"काकू, सगळ्या घराची लाइट गेलीय की एकाच खोलीची?"

"सगळ्या घराची."

"शेजारच्यांकडे आहे का?"

"थांबा हं, विचारते... अहो, त्यांच्याकडेही नाहीये."

काम महावितरणचं निघालं, माझी फेरी वाचली, आणि काकूंनी पुढच्या वेळी मलाच बोलावलं. इतरांना व्हॉट्सॲपवर फोटो मागायचा: बोर्डचा, एमसीबीच्या डबीचा, गिझरवरच्या स्टिकरचा. प्लंबरने नळाचा फोटो मागावा आणि शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवायला सांगावं, म्हणजे अर्धा इंची की पाऊण इंची ते दिसतं. फोटोवरून कळलं की थर्मोस्टॅट लागणार आहे, तर वाटेतच घेऊन जाता येतो. दोनदा जावं लागणं हे सायकलचं सगळ्यात मोठं नुकसान, आणि ते फोनवरच टाळता येतं.

पाचवी पायरी: सायकल कोणती

जुनी काळी सायकल मजबूत असते, वाद नाही. दूधवाल्यांनी किटल्या लटकवून पिढ्यान्‌पिढ्या ती चालवली. पण तिला गिअर नसतात, स्वतःचंच वजन वीस किलोच्या आसपास, आणि ब्रेक दांड्यांचे. स्टीलची रिम पावसात ओली झाली की रबर घसरतं आणि ब्रेक नुसता दाबल्यासारखा वाटतो. सपाट गाव असेल तर घ्या. पुण्यात सहकारनगरच्या बाजूला जरी कामं असली तरी नको.

मॉलमध्ये दिसणारी जाड टायरची, पुढे-मागे स्प्रिंग असलेली सायकल तर मुळीच घेऊ नका. मागच्या स्प्रिंगमुळे कॅरिअर धड बसत नाही आणि तुमच्या पायांचा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो.

मी घेतली ती अशी: साधी लोखंडी फ्रेम, स्प्रिंग कुठेच नाही, पुढे तीन मागे सात गिअर, ॲल्युमिनियमची रिम, मध्यम जाडीचे टायर. घेताना फ्रेमवर मागच्या चाकाच्या एक्सलजवळ कॅरिअरचे स्क्रू बसायची भोकं आहेत का ते बोटाने चाचपून बघा. डिस्क ब्रेक असेल तर त्याचा डबा कॅरिअरच्या पायाला आडवा येत नाही ना, हेही दुकानातच कॅरिअर लावून बघा. घरी आल्यावर कळलं तर वेल्डिंगवाल्याकडे जाणं आलं.

ट्यूब मोटरसायकलसारख्या वॉल्वची घ्या. जुन्या पद्धतीच्या वॉल्वमधली ती बोटभर रबरी नळी उन्हाने सडते आणि नेमकी कामावर निघताना हवा जाते. मोटरसायकलसारखा वॉल्व पेट्रोल पंपावरही भरता येतो.

सीटची उंची बहुतेक मिस्त्री खाली ठेवतात, पाय टेकायला बरं म्हणून. गुडघे यानेच जातात. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. एवढं एक माप पुरे.

बॅटरीची सायकल घ्यावी का

इथे माझ्यातला इलेक्ट्रिशियन जरा जास्त बोलेल.

माणूस ६५ किलो, सायकल २०, सामान १५, मिळून १०० किलो धरू. शंभर फुटांत पाच फूट चढणारा रस्ता. धडधाकट माणूस पायांनी न थकता साधारण १०० वॉट देतो. तेवढ्यात हा चढ ताशी सहा किलोमीटरने चढतो, म्हणजे भरभर चालण्याएवढा वेग. तिथे २५० वॉटची मोटर मदतीला आली की साडेतीनशे वॉट होतात, आणि तोच चढ ताशी अठरा-वीसने जातो. सपाटीवर हा फरक इतका जाणवत नाही. म्हणून तुमची हद्द सपाट असेल तर बॅटरीवर पैसे घालू नका, आणि कोंढवा-एनआयबीएम किंवा बावधनकडे राहत असाल तर बॅटरीशिवाय हट्ट करू नका.

चार्जिंगचा खर्च विचारायचीसुद्धा गरज नाही. ३६ व्होल्ट, १० एएचची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-तास. चार्जरमधली गळती धरली तरी अर्ध्या युनिटच्या आत. खरा खर्च काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा असतो. तो आधी विचारा आणि महिन्यांनी भागून बघा.

कायद्याचं म्हणाल तर, मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ती मोटार वाहन धरली जात नाही. परवाना, नंबर प्लेट लागत नाही. "साहेब, सेटिंग बदलून चाळीसने पळवून देतो" असं दुकानदार म्हणाला तर नको म्हणा. त्या वेगाला तिचे ब्रेकही पुरत नाहीत.

दोन व्यवहारी गोष्टी. मोटर मागच्या चाकात असेल तर पंक्चर काढताना वायरचा कनेक्टर सोडवावा लागतो. तो कुठे आहे, कसा सुटतो, हे घेतानाच शिकून घ्या, रस्त्यावरचा पंक्चरवाला त्याला हात लावत नाही. आणि बॅटरी काढून वर नेता येते का बघा. गिऱ्हाइकाकडे काम करता करता चार्जिंगला लावायची असेल तर विचारून लावा, पाहुण्यासारखी.

सामान लादायची रीत

पाठीवर पिशवी घेऊ नका. पहिले आठ दिवस मी घेतली. दुपारपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला, आणि खड्ड्यात चाक गेलं की चौदा किलो मणक्यावर आपटायचे.

कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पडशीसारख्या लोंबणाऱ्या पिशव्या हव्यात. विकत महाग मिळतात. मी रेक्झिनच्या सीट कव्हरवाल्याकडून शिवून घेतल्या, आतून प्लायचा तुकडा घातला म्हणजे पिशवी तारांत जात नाही. जड ते खाली. एका बाजूला ड्रिल गेलं तर दुसऱ्या बाजूला हत्यारं, अंदाजाने वजन सारखं करायचं. कॅरिअरच्या वर फक्त हलकं आणि उंचीला कमी. वर जड ठेवलं की पाय टाकताना सायकल अंगावर येते.

बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवा. दोरी हादऱ्याने सैल पडते, ट्यूब ताणून बांधली की खड्ड्यागणिक घट्ट धरते. फक्त सुटं टोक आत खोचा. ते चाकात गेलं तर मागचं चाक जागेवर थांबतं, मग तुम्ही पुढे.

स्टँड डबल. साइड स्टँडवर भरलेली सायकल उभी केली आणि पिशवीतून पकड काढायला वाकलो, की ती आडवी. मल्टिमीटरची काच अशीच फुटली माझी.

पावसाळा

जून ते सप्टेंबर थांबता येत नाही, उलट शॉर्टचे, गळतीचे कॉल तेव्हाच जास्त. पिशवीच्या आत खताच्या गोणीतलं जाड प्लास्टिक घाला. ड्रिल आणि मल्टिमीटरला झाकणाचा वेगळा डबा.

इलेक्ट्रिशियनसाठी एक गोष्ट मात्र नियमासारखी पाळा. भिजत पोहोचलात तर बोर्डाला हात लावायचा नाही. माझ्या पिशवीत एक सुका पंचा आणि एक जोड रबरी चप्पल प्लास्टिकमध्ये बांधलेली असते. दारात आधी हात-पाय पुसायचे, ओली चप्पल बाहेर, कोरडी पायात, मग मेन स्विच बंद. गिऱ्हाईक "अहो, आधी बघा ना, लाइट नाहीये" म्हणत असतं. म्हणू दे. ओल्या पायाने जमिनीवर उभं राहिलं की करंटला जायला वाट आयतीच मिळते.

संध्याकाळी मागे लाल दिवा लावा. पावसात सायकल गाडीवाल्याला दिसत नाही, आणि डबकं किती खोल आहे ते आपल्याला दिसत नाही. रोजचे खड्डे पाठ असणं हाही छोट्या हद्दीचा फायदा.

कुलूप, वॉचमन, गिऱ्हाईक

हत्यारं सायकलवर सोडून वर जाऊ नका, पाच मिनिटांसाठीही. पिशव्या कॅरिअरवरून एका हाताने निघतील असे हूक लावून घ्या. कुलूप यू आकाराचं, फ्रेम आणि मागचं चाक मिळून एखाद्या खांबाला.

सोसायटीच्या गेटवर सायकल बाहेर लावायला सांगतात. वॉचमनशी भांडू नका. त्याच्या खुर्चीसमोर लावतो म्हणा, तीच सगळ्यात सुरक्षित जागा. महिन्याभरात तो शिडीही काढून देतो.

गिऱ्हाइकाचं जरा नाजूक आहे. सदाशिव पेठेतल्या एका काकूंनी बिल बघितलं, गॅलरीतून खाली सायकल बघितली आणि म्हणाल्या, "काय हो, सायकलवर येता, मग व्हिजिटचे पैसे कशाचे?"

"काकू, पैसे फॉल्ट शोधायचे. पेट्रोलचे लावलेच नाहीत."

त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण दिले. तुमची व्हिजिट सायकल घेतल्यावर एक रुपयानेही कमी करू नका. एकदा उतरवली की पुन्हा चढत नाही. आणि घामेजलेल्या शर्टाने दारात उभं राहू नका. जिन्यात दोन मिनिटं थांबा, तोंड पुसा, जादा शर्ट त्यासाठीच आहे.

देखभाल

आठवड्याला हवा आणि चेनला तेलाचे थेंब, वरचं तेल फडक्याने पुसून, नाहीतर धूळ धरते. महिन्याला ब्रेकचं रबर बघा. वजन लादलेल्या सायकलचं मागचं चाक लवकर हलतं. ब्रेकच्या रबरावर घासल्याचा आवाज आला की सायकलवाल्याकडून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या, दोन तारा तुटेपर्यंत थांबू नका. टायरमधून निघणारे खिळे बहुतेक आपल्याच धंद्यातले असतात!

पहिला महिना कसा घालवायचा

एकदम स्कूटर बंद करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त दोन किलोमीटरच्या आतली कामं सायकलवर करा, तीही पोराची नाहीतर शेजाऱ्याची सायकल मागून. दुसऱ्या आठवड्यात पिशव्या लावा. तिसऱ्यात चार किलोमीटरपर्यंत जा. वही चालूच ठेवा आणि दोन खुणा करा: सायकलमुळे कॉल हुकला तर फुली, सायकलमुळे लवकर पोहोचलो तर टिंब. महिन्याच्या शेवटी फुल्या जास्त असतील तर मागून आणलेली सायकल परत करा, काही बिघडत नाही.

मोठ्या कामाच्या दिवशी, म्हणजे अख्ख्या फ्लॅटची वायरिंग, पाण्याची मोटर बदलणं, गिझर बसवणं, स्कूटर किंवा टेम्पो सरळ वापरा. माझी स्कूटर महिन्यातून पाच-सहा दिवस निघते. तिची बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी एकदा चालू करावी लागते, ते काम मुलाला आवडतं.

तो प्लंबर मित्र गेल्या दिवाळीपासून गळतीची आणि नळ बदलायची कामं सायकलवरून करतो. कमोड बसवायचा असेल त्या दिवशी टेम्पो. पाइप पाच-पाच फुटांचे. चौदा इंची पाना त्याने जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातलाय. आधी तो नुसताच ठेवायचा, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी खडखडाट ऐकूनच गिऱ्हाईक दार उघडायचं. आता बेल दाबावी लागते, अशी त्याची तक्रार आहे.